पृथ्वी कशावर उभी आहे? : पाथरी, सीहोर आणि आपले वर्ग

'पॅराडाइम शिफ्ट' हा शब्दप्रयोग शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत गेली कित्येक वर्षे इतका वापरला गेला आहे, की त्याचा अर्थ विचारणे आता असभ्यपणाचे वाटावे. 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला तेव्हा तो ऐकू आला, 2010 च्या राज्य आराखड्याबरोबर 'ज्ञानरचनावाद' आला तेव्हा पुन्हा, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर प्रत्येक कार्यशाळेच्या उद्घाटनपर भाषणात. शब्द विज्ञानाच्या इतिहासातून आला, असे सांगितले जाते. ते खरे आहे. पण तो मुळात भाषा शिकवणाऱ्यांच्या घरचा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. व्याकरणात पॅराडाइम म्हणजे नमुन्याची रूपावली. 'रामः रामौ रामाः' एकदा जिभेवर बसले की त्याच वळणाने 'देव' चालतो आणि 'वृक्ष'ही चालतो. थॉमस कून या विज्ञानेतिहासकाराने 1962 साली वैज्ञानिक क्रांत्यांच्या संरचनेवरील आपल्या ग्रंथात हा शब्द योजला, तेव्हा त्याने लॅटिन क्रियापदाच्या अशाच रूपावलीचा दाखला दिला होता. लगेच भेदही सांगितला होता. विज्ञानातील नमुना नुसता गिरवण्यासाठी नसतो. न्यायालयाच्या एखाद्या निवाड्याप्रमाणे तो नव्या परिस्थितीत पुन्हा पुन्हा लावून पाहावा लागतो आणि त्यातून त्याचा अर्थ उलगडत जातो. मराठीत यासाठी 'प्रतिमान' हा शब्द आता बऱ्यापैकी रुळला आहे. आम्ही येथे तोच वापरतो.

कूनला ही कल्पना कोठे सुचली, हेही आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी विज्ञानेतर विद्यार्थ्यांना विज्ञान कळावे म्हणून इतिहासाच्या अंगाने एक अभ्यासक्रम आखला होता. त्याच्या तयारीसाठी भौतिकशास्त्राचा हा तरुण अभ्यासक 1947 साली ॲरिस्टॉटल वाचू लागला. एवढा बुद्धिमान मनुष्य गतीविषयी इतके चुकीचे कसे लिहितो, हे कोडे त्याला सुटेना. मग एका क्षणी त्याच्या ध्यानात आले, की ॲरिस्टॉटल 'गती' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बीजाचा वृक्ष होणे आणि रोग्याचे बरे होणे हेही असते. शब्द तोच, जग वेगळे. प्रतिमानाची कल्पना अशी एका शिक्षकाच्या पूर्वतयारीतून निघाली. जुन्या मताला मूर्खपणा न समजता, ते शहाण्या माणसाला पटण्याजोगे कसे होते हे शोधणे, हा तिचा गाभा आहे. आपल्या प्रशिक्षणवर्गांत नेमका हाच गाभा गळतो, आणि 'जुने टाका, नवे घ्या' एवढेच उरते.

मराठीत 'फाटा' म्हणजे वाट फुटते ती जागा. आमच्या परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातला देवगाव फाटा हे असेच ठिकाण आहे. जिंतूर, मंठा आणि सेलू या तिन्ही बाजूंना तेथून रस्ते जातात, आणि आमचे कितीतरी विद्यार्थी रोज तेथे एस.टी. बदलतात. पण याच भाषेत 'फाटा देणे' म्हणजे गाळून टाकणे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांविषयी कूनचे म्हणणे या दोन अर्थांत जवळजवळ पुरते सामावते. पाठ्यपुस्तक फाट्यालाच फाटा देते. एकेकाळी येथे दोन वाटा होत्या, भल्याभल्यांनी दुसरी धरली होती आणि त्यांच्यापाशी कारणे होती, यातले काही त्यात उरत नाही. सगळा इतिहास आजच्या उत्तराकडे सरळ चालत आल्यासारखा दिसतो. कून याला निव्वळ दोष मानत नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारागीर घडवायचा तर असे एकमार्गी शिक्षण कामाचे ठरते, असेच त्याचे मत होते. परंतु आपल्या वर्गात बसणारी बहुतेक मुले वैज्ञानिक होणार नसतात. त्यांच्यासाठी हा गाळलेला फाटा फार महाग पडतो. तो कसा, हे दाखवायला कोपर्निकसच्या पोलंडपर्यंत जाण्याची गरज नाही. देवगाव फाट्यावरून सेलूमार्गे पाथरीपर्यंत गेले तरी पुरे.

पाथरी म्हणजे जुन्या ग्रंथांतले पार्थपूर. तेथे ज्ञानराज नावाच्या ज्योतिषाने 1503 च्या सुमारास 'सिद्धांतसुंदर' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणि' 1150 चा. मधल्या साडेतीनशे वर्षांत पंचांगोपयोगी ग्रंथ आणि टीका पुष्कळ झाल्या, पण विश्वरचनेपासून ग्रहगणितापर्यंत सगळे नव्याने मांडणारा या तोलाचा सिद्धांतग्रंथ झाला नव्हता. बहमनी राज्य मोडकळीस आले होते, गोदावरीकाठची गावे एका सुलतानाकडून दुसऱ्याकडे जात होती, आणि अशा काळात पाथरीचे हे घराणे ज्योतिष, गणित आणि काव्य तिन्ही सांभाळून होते. ज्ञानराजांचे पुत्र चिंतामणी यांनी वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. दुसरे पुत्र सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर आणि 'लीलावती'वर टीका रचल्या, आणि 'रामकृष्णविलोमकाव्य'ही रचले, ज्यातला श्लोकार्ध सुलटा वाचला तर रामाची कथा आणि उलटा वाचला तर कृष्णाची. ज्ञानराजांनी स्वतः आपल्या ज्योतिषग्रंथात ऋतुवर्णनाचे प्रकरण घातले आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे घराणे माहीत नसावे, आणि परभणी जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांनाही माहीत नसावे, याची आम्हांला नेहमी खंत वाटते.

ज्ञानराजांपुढचा प्रश्न असा होता. पुराणांची पृथ्वी सपाट, मध्ये मेरू, भोवती सात द्वीपे आणि सात समुद्र, खाली शेष, कूर्म, वराह. सिद्धांतकारांची पृथ्वी गोल, आकाशात निराधार, आणि चंद्रग्रहण म्हणजे तिची छाया. भास्कराचार्यांनी यात भीड ठेवली नव्हती. पृथ्वीला आधार मानला तर त्या आधाराला आणखी आधार लागेल, आणि शेवटी कोणी तरी स्वतःच्या शक्तीने उभे आहे असे मानावेच लागेल; मग ते पृथ्वीविषयीच का मानू नये, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता. पृथ्वी सपाट का दिसते याचेही त्यांचे उत्तर सोपे आहे. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा लहानसा तुकडा सरळच दिसतो, आणि माणूस तर पृथ्वीच्या मानाने फारच लहान. ज्ञानराजांना गोल पृथ्वी मान्य होती. तिच्याशिवाय त्यांचे गणितच चालले नसते. पण भास्कराचार्यांनी पुराणांना ज्या तऱ्हेने बाजूला सारले, ती तऱ्हा त्यांना मान्य नव्हती. गोलाचे गणित राखून पुराणोक्त आधारांनाही जागा द्यावी, दोन प्रमाणांत विरोध उरू नये, यासाठी त्यांनी बुद्धी पणाला लावली.

याला तडजोड म्हणून हसणे सोपे आहे. आम्हांला मात्र ते हसण्यासारखे वाटत नाही. ज्ञानराजांना निदान विरोध दिसत होता, आणि तो दिसतो आहे असे त्यांनी लिहून ठेवले. त्यांच्याच काळात, 1520 मध्ये, कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' रचला. ज्या-चापाची किचकट आकडेमोड टाळून ग्रह काढण्याची ती सोय इतकी उत्तम होती, की महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके तिच्यावर चालली. आता ज्योतिषाला विश्व कसे आहे हे विचारण्याची गरजच उरली नाही; कोष्टके होती, रीत होती, उत्तर येत होते. कून ज्याला 'प्रस्थापित विज्ञान' म्हणतो त्याचे याहून चांगले मराठी उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. आपल्या परीक्षापद्धतीचेही ते उदाहरण आहे, पण तो विषय लांबेल.

तीनशे वर्षांनी हाच प्रश्न एका शाळेत पुन्हा उभा राहिला. ती शाळा भोपाळजवळ सीहोरला होती, आणि तिच्यावर देखरेख करणारा लान्सलॉट विल्किन्सन हा कंपनीचा पोलिटिकल एजंट होता. 1834 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने एक लेख लिहिला. एतद्देशीयांच्या शिक्षणात सिद्धांतग्रंथांचा उपयोग करावा, हा त्याचा विषय. त्याचे म्हणणे असे, की कोपर्निकसचे मत थेट सांगितले तर पंडित ते परक्यांचे म्हणून झिडकारतील. पण पृथ्वी गोल आहे, निराधार आहे, ग्रहण छायेमुळे होते, हे त्यांच्याच भास्कराचार्यांनी सांगितले आहे. तेव्हा आधी पुराणांकडून भास्कराचार्यांकडे चालावे, आणि मग तेथून कोपर्निकसकडे. विल्किन्सनचा हेतू निर्मळ ज्ञानदानाचा होता, असे समजण्याचे कारण नाही; पुराणांवरचा विश्वास ढळावा हे त्याला हवेच होते आणि मिशनऱ्यांनाही ते सोयीचे होते. परंतु अध्यापनाची पद्धत म्हणून पाहिले, तर तिच्यात एक मोठी गोष्ट होती. विद्यार्थी जेथे उभा आहे तेथून ती सुरू होत होती, आणि त्याच्या परंपरेतच वादाची एक शिडी आहे हे ती ओळखत होती.

विल्किन्सनच्या पदरी सुबाजी बापू नावाचे शास्त्री होते. त्यांनी 1836 मध्ये 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हे पुस्तक मराठीत लिहिले. पुराणांचे मत, सिद्धांतकारांचे मत आणि कोपर्निकसचे मत, या तिघांची त्यात तुलना आहे. आमच्या मते मराठी शैक्षणिक वाङ्मयातला हा एक विलक्षण क्षण आहे. 'दर्पण' सुरू होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. नव्या ज्ञानाची मराठी पुस्तके निघू लागली होती, पण त्यांतली बहुतेक इंग्रजी पुस्तकांची भाषांतरे, म्हणजे निष्कर्षांची पुस्तके. येथे मात्र वाचकापुढे तिन्ही विश्वे शेजारी शेजारी ठेवली होती आणि एकाकडून दुसऱ्याकडे का जावे याचा वाद मराठीत मांडला होता. उत्तर यायला वेळ लागला नाही. पुण्याचे ज्योतिषी यज्ञेश्वर उर्फ बाबा जोशी रोडे यांनी 'ज्योतिःपुराणविरोधमर्दन' लिहून हा विरोध नुसता भासमान आहे, असे प्रतिपादन केले. म्हणजे पाथरीच्या ज्ञानराजांची बाजू पुण्यात पुन्हा मांडली गेली. फरक एवढाच, की आता समोर भास्कराचार्य एकटे नव्हते. त्यांच्या मागे दुर्बीण होती आणि कंपनी सरकारही होते.

याच सीहोरच्या शाळेत बापूदेव शास्त्री या मराठी तरुणाचे पुढचे शिक्षण झाले. काशीच्या संस्कृत महाविद्यालयात ते 1842 पासून शिकवू लागले. विल्किन्सन 1841 मध्ये वारला. त्याने केलेले भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासून सिद्ध केले आणि ते 1861 मध्ये कलकत्त्यास छापले गेले. जुने आणि नवे दोन्ही गणित अंगी मुरलेला अध्यापक या पद्धतीतून निघू शकतो, याचा हा पुरावा आहे.

परंतु सुबाजी बापूंची गोष्ट येथे संपवली तर ती फार गुळगुळीत होईल. 1839 साली विल्किन्सनने 'वज्रसूची' हा अश्वघोषाच्या नावावरचा, जन्मसिद्ध ब्राह्मण्यावर प्रहार करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठीच्या विद्यार्थ्यांना ही परंपरा अपरिचित नाही. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंनी वज्रसूचीचा आशय अभंगांत आणला आहे. तर या प्रकाशनात वज्रसूचीबरोबरच तिचे खंडनही छापले होते, आणि ते खंडन करणारे शास्त्री होते हेच सुबाजी बापू. पृथ्वीला तिच्या स्थानावरून हलवायला जे तयार झाले, ते वर्णाला त्याच्या स्थानावरून हलवायला तयार नव्हते. पुराणांचा भूगोल त्यांनी सोडला. पुराणांचा समाज त्यांनी धरून ठेवला.

प्रतिमान बदलले की माणूस बदलतो, या समजुतीला याहून मोठा धक्का आम्ही वाचलेला नाही. कूनचे प्रतिमान एका शास्त्राच्या एका समुदायापुरते असते, हे आपण विसरतो. विश्वाचे चित्र बदलण्यासाठी भास्कराचार्यांची शिडी होती. समाजाचे चित्र बदलण्यासाठी बहिणाबाईंची होती, पण सीहोरच्या शास्त्र्यांनी ती शिडी मानली नाही. 1848 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा शिक्षणातले खरे प्रतिमानांतर घडले, असे आमचे मत आहे. काय शिकवावे हा प्रश्न मागे ठेवून त्यांनी कोणी शिकावे हा प्रश्न पुढे आणला. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चापेक्षा बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला, तो याच विचारातून. सीहोरचा प्रयोग कितीही चतुर असला, तरी त्याचा विद्यार्थी कोण होता हे विसरून त्याची स्तुती करणे बरोबर नाही.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांविषयी थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही. 1853 ते 1898 एवढेच आयुष्य. दापोली तालुक्यातील मुरूडचा जन्म, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षण, आणि पुढे सगळा जन्म शिक्षकी. 1896 चा त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीतल्या थोर संशोधनग्रंथांपैकी एक आहे, आणि ज्ञानराजांची नोंद त्यात आहे. पण त्याआधी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले, ज्याचे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. या नावातच त्यांची शिक्षणपद्धती आहे. वाचकाला ते आधी अंगणात आणतात. डोळ्यांना काय दिसते, तारे कसे सरकतात, चंद्र रोज किती मागे पडतो, हे पाहायला लावतात. पृथ्वी स्थिर आणि आकाश फिरते, असेच ज्याला दिसते त्या माणसाशी त्यांचे बोलणे सुरू होते, कारण आपल्या सर्वांना तसेच दिसते. जुन्या ज्योतिषांना ते हसत नाहीत. पंचांगशोधनाच्या वादात ते सायनपक्षाचे होते, म्हणजे चालू रीतीच्या विरुद्ध होते. पण चालू रीत कशी घडली हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नव्हते. जुने सोडायचे असेल तर ते आधी पुरते जाणावे लागते, हे ते बोलून दाखवत नाहीत, करून दाखवतात.

विसाव्या शतकात शिक्षणशास्त्राने जे प्रयोगांनी दाखवले, ते या शिक्षकाला अनुभवाने ठाऊक असावे. 1982 मध्ये पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कूनचा आधार घेऊन असे मांडले, की विद्यार्थी कोऱ्या पाटीने येत नाही. त्याच्यापाशी जगाची एक रचना असते. तिच्याविषयी तो स्वतः असमाधानी झाल्याशिवाय, आणि नवी रचना त्याला समजण्याजोगी, पटण्याजोगी व उपयोगी वाटल्याशिवाय ती बदलत नाही. 1992 मध्ये वोस्नियादू आणि ब्रूअर यांनी अमेरिकेतील शाळकरी मुलांना पृथ्वीविषयी प्रश्न विचारले. 'पृथ्वी कशी आहे?' याला मुले 'गोल' असे उत्तर देत. पण खोलात गेल्यावर कोणाच्या मनात पोकळ गोळ्याच्या आतली सपाट जमीन होती, तर कोणाच्या मनात पृथ्वीच दोन होत्या. एक गोल, आकाशातली, बाईंनी सांगितलेली. दुसरी सपाट, जिच्यावर आपण राहतो ती. पाथरीच्या ज्ञानराजांचा प्रश्न इलिनॉयमधल्या पहिलीच्या मुलाला पडला होता. त्याने तो मुकाट्याने सोडवला, एवढेच.

आमच्या पदवीच्या वर्गांतही पृथ्व्या दोनच असतात. 25 ऑक्टोबर 2022 रोजी, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी, खंडग्रास सूर्यग्रहण झाले. सुट्टीनंतर आम्ही वर्गात विचारले. ग्रहणाचे कारण बहुतेकांनी अचूक सांगितले, आणि बहुतेकांच्या घरी वेध पाळले गेले होते. यात लबाडी नाही. घरातल्या पंचांगाचे तेच पान पाहावे. स्पर्श-मोक्षाच्या वेळा आधुनिक गणिताने मिनिटापर्यंत काढलेल्या, आणि खाली वेधाचे नियम धर्मशास्त्रातले. विरोधाचे असे मर्दन बाबा जोशी रोड्यांनाही साधले नसते. ज्ञानराजांना जो ताण जाणवत होता तो या पानावर उरलेलाच नाही, आणि आम्हांला काळजी वाटते ती त्याची.

ज्ञानरचनावादाने या ताणाला हात घालायला हवा होता. विद्यार्थी स्वतः ज्ञान रचतो, हे त्याचे सूत्रच आहे. काही ठिकाणी ते झालेही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर वर्गांच्या फरश्या अक्षरांनी आणि आकड्यांनी रंगल्या. रंगलेली फरशी वाईट नाही. मुले जमिनीवर बसून हाताने काही करू लागली, हा लाभच. पण अनेक ठिकाणी फरशी हीच पद्धत ठरली. मुलाची आधीची रचना कोणती, ती कोठे अडते, हे विचारायचे राहूनच गेले. नव्या प्रतिमानाचेही 'ग्रहलाघव' होते, आणि आपल्याकडे ते फार लवकर होते.

साहित्याचे शिक्षक यातून सुटत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात, सूर्य न चालता चालताना दिसतो अशा आशयाचा एक दृष्टांत आहे. तो आला, की वर्गात कोणी तरी म्हणतेच, 'सर, म्हणजे माउलींना कोपर्निकसच्या आधीच माहीत होते!' कित्येक अध्यापकही हे अभिमानाने सांगतात. आमच्या मते यात माउलींचा गौरव नाही. तेथे विषय कर्म करूनही अकर्ता राहण्याचा आहे, आणि सूर्याचे दिसणारे चालणे हा त्या अकर्तेपणाचा दृष्टांत आहे. त्याला खगोलशास्त्राचा दाखला केले, की दृष्टांत मरतो आणि खगोलशास्त्रही हाती येत नाही. उलट आर्यभटांनी पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे 499 मध्ये खरोखरच म्हटले होते, आणि ब्रह्मगुप्तांसारख्या समर्थ गणितज्ञाने त्यावर आक्षेप घेतला होता. पृथ्वी फिरते तर उडालेले पक्षी घरट्यांत कसे परततात, हा आपल्याकडे त्यावर घेतला गेलेला जुना आक्षेप वेडगळ नाही. त्याचे समाधानकारक उत्तर द्यायला गॅलिलिओपर्यंत थांबावे लागले. 'आमच्याकडे आधीच होते' म्हटले, की हा सगळा वाद पुसला जातो. म्हणजे पाठ्यपुस्तक जे नकळत करते, ते आपण अभिमानाने करतो.

गेली काही वर्षे प्राचीन मराठी वाङ्मयाच्या तासाला आम्ही एक काम देतो. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारायचे, पृथ्वी कशावर उभी आहे. जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे, आणि मग ते म्हणणे खोडायचे नाही. त्यांना तसे का वाटते याची जेवढी सापडतील तेवढी कारणे मांडायची. त्याच्या शेजारी भास्कराचार्यांचा युक्तिवाद, त्याच्या शेजारी शाळेत शिकलेले. वह्या साधारणच असतात. बरेच जण तिसरा रकाना पाठ असल्यासारखा भरतात आणि पहिला ओसाड सोडतात. एका वहीत मात्र पहिल्याच रकान्यात आजीचे वाक्य होते, 'शेषावर हाये म्हणतात, पण त्यो कशावर हाये त्ये कुनी सांगत न्हाई.' आणि त्या मुलीने पुढे लिहिले होते, की भास्कराचार्यांचे वाचण्याआधीच हे आजीने विचारले होते, तर ते कोणत्या रकान्यात लिहू?